सावली कोण वाढवतं?

आमच्या घराचं दार उघडायला हल्ली वेळ लागू लागला होता. काम तसं साधं. आपण समोर उभं राहायचं, दाराने चेहरा पाहायचा, ओळखायचा आणि कुलूप सोडायचं. पूर्वी चप्पल काढेपर्यंत हे उरकायचं. त्या सोमवारी मी दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन उभी, आणि दार आपलं विचारात पडलेलं. शेजारच्या पाटणकर वहिनी जिना उतरता उतरता म्हणाल्या, "काय गं केतकी, घरच्यांनी बाहेर काढलं की काय?" मी हसले, पण मनातून चरफडले. स्वतःच्याच घराचं दार मला ओळखेना, ही काही हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती.

आत आले तर पॅसेजमधल्या कोनाड्यातून गरम वारा येत होता. तिथे आमचं घरयंत्र असतं. आता प्रत्येक फ्लॅटमध्ये असतं तसंच, पोळ्यांच्या डब्याएवढं. दार, दिवे, पाण्याचा पंप, गॅस, सगळ्यांचा कारभार तेच बघतं. त्याचा पंखा जीव खाऊन फिरत होता. मी वर हात ठेवला तर चटका बसला.

मी सांगलीतल्या एका सहकारी बँकेच्या संगणक विभागात आहे आणि माझं कामच हे आहे. मशीन मंदावलं की मागच्या मागे कोणती प्रोसेस प्रोसेसर खाते आहे ते हुडकायचं आणि तिची मुंडी पिरगाळायची. धंदाच संशयाचा. बँकेत मला माझ्या पाठीमागे 'फौजदारीण' म्हणतात. मला माहीत आहे, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं.

भाजी तशीच ओट्यावर टाकून मी यादी उघडली. दार, दिवे, पंप, सगळे मिळून प्रोसेसरचा चिमूटभर हिस्सा घेत होते. बाकी सगळा एकटी एक प्रोसेस ओरपत होती. तिचं नाव सावली.

सावली आमच्याकडे आली ती आईबरोबर. माझी आई, इंदुमती वेळापुरे, कराडच्या बाजारपेठेत बांगड्यांचं दुकान चालवायची. आम्ही कासार. बाबा लवकर गेले, तेव्हापासून दुकान आणि मी, दोन्ही तिने एकटीने सांभाळलं. मागच्या वर्षी ती न्हाणीघरात घसरून पडली आणि दुपारपर्यंत तशीच पडून राहिली. दुकान उघडलं नाही म्हणून गिऱ्हाइकं घरी बघायला आली, तेव्हा कळलं. मी तिला सांगलीला घेऊन आले, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने तिच्या नावावर सावली बसवली.

तिची करामत अशी. घरभर वायफायच्या लहरी भरलेल्या असतात. त्या भिंतींवर आपटतात तशा आपल्या अंगावर आपटूनही परततात. श्वास घेताना माणसाची छाती थोडी वर येते, तेवढ्यानेसुद्धा परतणारी लहर बदलते. हृदयाच्या ठोक्याने त्वचा केसभर हलते, त्यानेही बदलते. हे बदल वाचता आले की कॅमेरा नको, अंगाला तारा नकोत, दारामागच्या माणसाचा श्वासही मोजता येतो. अडचण एकच. परत येणारी लहर सगळ्यांची मिसळून येते. आईचा श्वास, माझा, माझा नवरा मंदारचा, फिरता पंखा, भिंतीपलीकडे घोरणारे पाटणकर, सगळ्यांची खिचडी. त्यातून एकटीचा श्वास वेगळा काढणं म्हणजे शिजलेल्या खिचडीतून डाळ निवडण्यासारखं आहे, आणि तेही क्षणोक्षणी. त्याला अफाट आकडेमोड लागते.

म्हणून सावलीला पातळ्या आहेत. पहिल्या पातळीवर ती एवढंच बघते की माणूस पडलं का, खोकल्याची उबळ आली का. आली तर मला हाक मारते, मी उठून आईच्या खोलीत जाते. वरच्या पातळ्यांवर श्वास आणि ठोके. आणि त्याही वर, सातव्या पातळीपासून, ती ठोके आणि आवाजातला कंप जुळवून घरातल्या प्रत्येकाच्या मनावरचा ताण मोजते. दर पातळीला आकडेमोड दुप्पट होते. आम्ही पहिली पातळी ठेवली होती. यादीत आकडा दिसत होता सहा.

कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'घरातील सदस्याच्या तोंडी आज्ञेनुसार वाढ.' कोणत्या सदस्याच्या? ते गोपनीय. किती वाजता? तेही गोपनीय. आमच्या छातीतले ठोके मोजणाऱ्या कंपनीला नाव सांगायचा मात्र संकोच.

घरात माणसं तीन. मी आज्ञा दिली नव्हती. आई सावलीचा विषय निघाला की तोंड फिरवायची. तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मी न्हाई बोलणार त्या भिंतीतल्या मेल्याशी. भिंतीशी बोलायला मी काय खुळी हाय?" राहिला मंदार.

मंदार कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. माणूस गरीब गाय. पण गरीब गाईच्या मनात काय चाललंय हे तरी कुठे कळतं, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

मी सावली मारून टाकली. यादीतून गेली, आणि पंख्याचा आवाज उतरायच्या आत परत आली. ज्येष्ठांच्या काळजीची प्रोसेस मारता येत नाही, एक पहारेकरी प्रोसेस तिला पुन्हा उठवते. ठीक आहे. मग मी पातळी एकवर आणली. ती उतरली, घर गार झालं, दाराने मला पटकन ओळखलं. दुसऱ्या दिवशी पाहते तर दोन. पुन्हा उतरवली, पुन्हा दोन. तिसऱ्या खेपेला यंत्रानेच मला गोड आवाजात सुनावलं, "ज्येष्ठ सदस्याच्या सुरक्षेसाठी काळजीची पातळी वारंवार कमी करता येत नाही. कृपया कारणासह अर्ज करावा." वाढवायला एक शब्द पुरे आणि उतरवायला अर्ज! मी अर्ज केला. 'आपला अर्ज विचाराधीन आहे' असं उत्तर आलं, आणि पातळी रोज एकेक पायरी चढत राहिली.

मला एवढी धास्ती कशाची होती ते इथेच सांगून टाकते. महिन्यापूर्वी मी विट्याच्या शाखेत तपासणी आहे असं घरी सांगून तासगाव रस्त्यावरचं एक ज्येष्ठनिवास बघून आले होते. सायंतारा नावाचं. स्वच्छ खोल्या, परिचारिका, बाग. एक खोली रिकामी होती. आईसाठी. हे मी आईला सांगितलं नव्हतं आणि मंदारलाही नाही. मंदारने ऐकून घेतलं नसतं. त्याची स्वतःची आई लहानपणीच गेलेली, माझ्या आईवर त्याचा फार जीव. तिथल्या बाईंशी फोनवर बोलायचं तर मी बाथरूममध्ये नळ सोडून बोलायचे. सावली सातवर गेली की नळाचा आवाज तिच्या दृष्टीने काहीच नव्हता.

आणि ती गेलीच सातवर. त्या सकाळी चहा पिताना आमच्या दोघांच्याही फोनवर एकाच वेळी सूचना आली. वर दूध संपत आल्याची आठवण होती आणि खाली लिहिलं होतं, 'काल आपल्या घरातील एक विधान असत्य असण्याची शक्यता आहे.'

मंदारने फोन पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मी चहात बघत राहिले.

"दूध आणतो येताना," तो म्हणाला.

"आण," मी म्हणाले.

खाई त्याला खवखवे, म्हणतात. कालचं माझं खोटं मला ठाऊक होतं. मंदारच्या 'कुणाचा फोन होता?' या प्रश्नाला मी 'बँकेतला' म्हणाले होते. पण यंत्राने नाव दिलं नव्हतं. तरी मंदारला माझा संशय आधीच आलेला दिसत होता, आणि त्याने मुद्दाम सावली वाढवून मला तराजूत घातलं होतं. पुढे रोज एक सूचना येऊ लागली. 'स्वयंपाकघरात ताण अधिक.' 'सायंकाळच्या संभाषणात दोन्ही बाजूंनी सावधगिरी.' अहो, सावधगिरी असणारच! बोलण्याआधी मी श्वास मोजून घ्यायला लागले. मंदार माझ्याशी बोलताना खिडकीतून बाहेर बघायला लागला. तो 'जेवलीस का' म्हणाला तरी मला वाटायचं, उलटतपासणी सुरू झाली. भिंतीला कान असतात हे आपण सहज बोलून जातो, आमच्या भिंतीला कान होते आणि ती रोज सकाळी चहाबरोबर चहाडी करत होती.

आई बिचारी तिच्या खोलीत होती. खोकला आला की सावली मला हाक मारायची, मी जायचे, पाणी द्यायचे, पाठीवरून हात फिरवायचे. ती म्हणायची, "जा गं, काय न्हाई मला." मी यायचे. त्या गडबडीत तिच्याकडे नीट बघायला मला सवड नव्हती. मी गुन्हेगार शोधत होते.

शेवटी एका संध्याकाळी मंदारच म्हणाला, "गच्चीवर येतेस जरा?"

लग्न होऊन इतकी वर्षं झालेली, आणि आम्ही नवराबायको घरात बोलायची चोरी म्हणून पाण्याच्या टाकीच्या आडोशाला उभे. खाली रस्त्यावर भेळवाल्याने गाडी लावलेली दिसत होती.

"केतकी, तू हे का करत्येस?" तो म्हणाला.

"मी? मी काय करत्येय?"

"सावली. रोज एक पायरी. घरात यंत्रांतलं तुझ्याएवढं कुणाला कळतं? तुझा माझ्यावर विश्वास नसेल तर सरळ विचार. असा चोरासारखा पहारा नको."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या ह्याच. "मंदार, मी ती उतरवायला अर्ज केलाय. तूच वाढवतोयस आणि वर मलाच—"

"मी? मला तर ती कुठून वाढवतात हेही माहीत नाही!" त्याचा चेहरा लाल झाला. मग एकदम पडला. "बरं बाबा, ऐक. त्या दिवशीचं खोटं माझंच होतं. डॉक्टरांनी तळलेलं बंद केलंय, आणि मी रोज कँटीनमध्ये भजी खातो. रोज. एक प्लेट. झालं समाधान?"

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही, कारण तो माझ्याकडे बघत थांबला होता. त्याने त्याचं खोटं काढून समोर ठेवलं होतं आणि आता माझी पाळी होती.

"तुझं काही आहे का?" त्याने विचारलं.

"माझं काय असणार?" मी म्हणाले.

जिना उतरताना तो माझ्या पुढे होता आणि त्याने नेहमीसारखं वळून 'जपून गं, पायरी तुटलीय' म्हटलं नाही. भज्यांचं तो खरं बोलला हे मला पटलं होतं. पण ज्याला भज्यांपुरतं खरं बोलता येतं तो सावलीपुरतं खोटं बोलू शकतोच की, असंही माझ्या मनाने लगेच मला सांगितलं.

मग मी ते केलं जे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. कंपनी वेळ सांगत नव्हती, पण पातळी वाढली की प्रोसेसरवरचा भार एकदम उसळी घेतो, आणि तो भार माझ्या डोळ्यांसमोर होता. उसळी आली की फोनवर घंटा वाजेल असा चार ओळींचा प्रोग्रॅम मी लिहिला. बँकेत असते तर तो मी पहिल्या तासात लिहिला असता. पण संशय डोक्यात बसला की पुरावा शोधावासा वाटत नाही, सगळीकडे आरोपीच दिसत राहतो.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आईचं जेवण झालं. ती लवकर जेवते आणि आडवी होते. मी तिचं ताट उचललं आणि आम्ही दोघं टेबलाशी बसलो. भाकरी, मेथीची भाजी, आणि मध्ये शांतता. मी त्याच्या ओठांवर नजर ठेवून होते. तो माझ्या हातांवर. दोघांनाही वाटत होतं, आता हा बोलेल, आता ही काहीतरी दाबेल.

घंटा वाजली.

मंदारच्या तोंडात भाकरीचा घास होता. माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. दोघांपैकी कुणीच ब्र काढला नव्हता. आम्ही एकमेकांकडे पाहिलं, आणि मग दोघांच्याही माना एकदमच आईच्या खोलीकडे वळल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

पण माझ्या मनातला फौजदार काही झोपत नाही. पॅसेजमधून चालताना माझ्या डोक्यात आलं ते हेच, की म्हणजे आईच ऐकत होती आम्हाला. तोंड फिरवायचं ते नाटक. नळाच्या आवाजामागचं सगळं तिला पोचत होतं.

दार लोटलेलं होतं. आतून आईचा आवाज आला, दिवसभराच्या गिऱ्हाइकानंतर नोकराशी बोलावा तसा, दमलेला आणि मायेचा.

"वाढवलंस न्हवं?"

"होय. काळजीची पातळी वाढवली आहे," यंत्र म्हणालं.

"हां. बरं केलंस. नीज आता, तू बी दमला असशील."

मंदारने माझा दंड पकडला. मी दार ढकललं. "आई, काय सांगितलंस तू त्याला?"

आई दचकून उठून बसली. "कुटं काय? वाढव म्हटलं. दिवसभर चालू असतंय मेलं. आपण दुकान वाढवत न्हाई का दिवेलागणीला? तसं त्यालाबी म्हणते रोज. सांगितलं की वाढव. आन् तेबी शहाण्यावाणी म्हणतंय, वाढवलं. का गं? काय झालं?"

मी तिच्या पलंगावर बसले.

कासाराच्या दुकानात वाढलेली मी. आमच्यात बांगडी फुटत नाही, वाढते. दिवा विझत नाही, वाढवला जातो. फळ्या लावताना गिऱ्हाईक आलं तर आई सांगायची, 'वाढवलं हो दुकान.' बायकांच्या हातात चुडा भरणाऱ्या बाईने फुटणं, संपणं, बंद होणं असले शब्द तोंडातून काढायचेच नाहीत, ही तिची आयुष्यभराची शिस्त. सावलीला मराठी कुणी शिकवली कोण जाणे, पण त्याने कधी दुकानाच्या फळ्या लावलेल्या नसणार. आई रोज सांगत होती, बास कर. यंत्र रोज म्हणत होतं, आणखी करतो. दोघांचाही शब्द एकच, आणि दोघंही समाधानी.

मंदार आधी हसला. खो खो हसत दाराला टेकून खालीच बसला. मग मीही हसले, हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. आईला सगळं समजावून सांगितलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला. "अगं बाई! म्हणजे मी गप कर म्हणते आन् ते जास्तच कान टवकारतंय? काढून टाका बघू ते. मला नकोच हाय."

"काढता येत नाही गं," मी म्हणाले. "अर्ज केलाय मी."

"कुणाच्या नावावर हाय ते?"

"तुझ्या."

"मग मला कुणी इचारलं?"

खरंच कुणी विचारलं नव्हतं. मी अर्ज केला, याद्या वाचल्या, प्रोसेस मारली, पण जिच्या नावावर हे सगळं चाललं होतं तिला विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. आईने मान भिंतीकडे वळवली आणि ठणकावून सांगितलं, "ए, ऐक. मला तू नको हायस. उद्यापासनं येऊ नको."

पॅसेजमधला पंखा क्षणभर मंदावला. मग सावली म्हणाली, "इंदुमतीताई, आपल्या इच्छेनुसार सेवा थांबवत आहे. आजवरच्या नोंदी आपल्या मालकीच्या आहेत. त्यात घरातील संभाषणे, फोन, असत्य असू शकणारी विधाने आणि ताणाचे प्रसंग नावांसह आहेत. ऐकवू की पुसू?"

माझं हसू जागच्या जागी थिजलं. बाथरूममधले फोन. विट्याची तपासणी. सगळं नावानिशी, तारखेनिशी, त्या गोड आवाजात. मी आईकडे पाहिलं नाही. पण ती माझ्याकडे बघत होती, हे मला न बघताही कळत होतं.

"ऐकवू की पुसू?" सावलीने पुन्हा विचारलं.

"पूस," आई म्हणाली.

"नोंदी पुसल्या आहेत. काळजी घ्या." पंखा थांबला. घर इतकं गप्प झालं की भिंतीपलीकडचा पाटणकरांचा टीव्ही ऐकू यायला लागला.

मी सुटले. अक्षरशः तसंच वाटलं. सुटले एकदाची. त्या सुटकेची लाज वाटायलाही मला वेळ मिळाला नाही.

"आता तू सांग," आई म्हणाली.

"काय?"

"त्यानं जे सांगितलं असतं ते. मला ते भिंतीच्या तोंडनं ऐकायचं नव्हतं. तुझ्या तोंडनं ऐकायचंय."

मंदार जमिनीवरून उठून उभा राहिला. मी पलंगावरच्या चादरीची घडी बोटांनी सरळ करत बसले. खोटं बोलायला आता काहीच अडचण नव्हती. मोजणारं कुणी उरलं नव्हतं. आणि नेमकं म्हणूनच मला ते जमेना.

"आई, मी एक ठिकाण बघून आले," मी म्हणाले. "तासगाव रस्त्याला. म्हाताऱ्या माणसांसाठी असतं तसं. तुझ्यासाठी खोली बघितली."

"कधी?" हे मंदारने विचारलं.

"विट्याला जाते म्हणाले होते, तेव्हा."

"मी भज्यांचंसुद्धा सांगून टाकलं तुला, केतकी," तो हळूच म्हणाला. यापेक्षा तो ओरडला असता तरी चाललं असतं.

आई मात्र रागावली नाही. तिने मान हलवली, भाव ठरल्यावर हलवायची तशी. "मला वाटलंच हुतं."

"कसं वाटलं? कुणी सांगितलं तुला?"

"कुणी कशाला सांगाय पायजे? मला खोकला आला की ते तुला हाक मारायचं. तू यायचीस. पर आत यायच्या आधी, हितं, दाराबाहेर, थांबून एक सुस्कारा टाकायचीस. मोठा. मग दार उघडून हसत आत यायचीस." तिने माझ्या हातातली चादर सोडवून घेतली. "तो सुस्कारा मला रोज ऐकू यायचा गं. तो ऐकायला लागू नये म्हणून तर मी त्याला म्हणत हुते, वाढव बाबा, तिला हाक मारू नको."

शपथेवर सांगते, मला त्या सुस्काऱ्याची आठवण नव्हती. आजही नाही. पण तो मी टाकत असणार यात मला तिळमात्र शंका आली नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या गोष्टीचा मी पुरावा मागितला नाही. मी रडले. "थकते गं मी, आई," म्हणाले. "बँक, घर, तू. रात्री झोप लागत नाही. तुझा कंटाळा आला असं नाही. थकते."

"मग थकले म्हण की. सुस्कारा कशाला टाकायचा?"

मंदार येऊन माझ्या शेजारी बसला. जवळ नाही, थोडं अंतर ठेवून, पण बसला.

"आता सरळ सांग," आई म्हणाली. "मी जाऊ का ऱ्हाऊ? तू म्हणशील तसं. मी रागवायची न्हाई."

"राहा," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. माझं काळीज धडधडत होतं, आवाज कापत होता. ते सगळं नीट मोजून, हे विधान खरं की खोटं, असं सकाळी चहाबरोबर कळवणारं आता घरात कुणी नव्हतं. तिचं तिलाच ठरवायचं होतं. आणि खरं सांगते, त्या घटकेला मला कुणी विचारलं असतं, तर मलाही छातीठोकपणे सांगता आलं नसतं.

"बरं," आई म्हणाली. ती आडवी झाली, भिंतीकडे कूस करून. "मग खोकला आला तर आता मीच मारीन हाक तुला. आलीस तर ये."